वितळत्या बर्फातली डोंगरवाट : आठला नको, चारला निघा

प्रश्न थोडक्यात असा : चौघांचा गट. वाट ओळखीची, उन्हाळ्यात दोनदा केलेली. या वेळी मात्र वसंतात जायचंय. पायथ्याला गवत फुटलंय, वरच्या अर्ध्या वाटेवर अजून बर्फ आहे आणि तो वितळतोय. वाटेत एक ओढा, मग बर्फाचा उतार, त्यावर खिंड. सकाळी आठला निघून पाचपर्यंत त्याच वाटेने परत यायचा बेत आहे. मायक्रोस्पाइक (बुटांवर चढवायचे छोटे काटे) पुरतील का आणि बूट वॉटरप्रूफच हवेत का, एवढंच विचारलंय.

काट्यांचं आणि बुटांचं खाली सांगतो. त्याआधी तुमच्या बेतातले ते आठ वाजणं खोडा आणि पहाटेचे चार लिहा. बर्फ वितळायच्या दिवसांत मी जेवढ्या फजित्या पाहिल्या, माझ्या स्वतःच्या धरून, त्यातल्या बहुतेक सामान कमी पडल्यामुळे झाल्या नाहीत. माणूस चुकीच्या वेळी योग्य जागी होता, एवढंच कारण. आठला निघालात तर ओढ्यापर्यंत सगळं छान वाटेल, उतारावर भर उन्हात पोचाल आणि परतताना ओढा वेगळाच भेटेल.

हे असं का होतं, ते एकदा समजून घ्या. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

कडक हिवाळ्यात बर्फाचा थर आतून थंडगार असतो. वरून ऊन लागलं तरी ती उष्णता थर तापवण्यातच जिरते. वसंत येईतो हा साठलेला गारवा संपतो आणि थर वरपासून तळापर्यंत शून्य अंशावर येतो. एक किलो बर्फ उणे १० वरून शून्यावर आणायला साधारण २१ किलोज्यूल लागतात. तोच शून्यावरचा बर्फ वितळवायला ३३४. म्हणजे तापायला फार लागत नाही, वितळायला खूप लागतं. म्हणून हा थर आठवडेच्या आठवडे शून्यावर अडकून असतो, दाण्यादाण्यांत पाणी धरून. दिवसा त्याचा गाळ होतो, रात्री वरचे काही सेंटीमीटर गोठून कवच होतं. तुम्ही चालणार ते या कवचावर. ते जोवर आहे तोवर वाट आहे.

कवच धरणार की नाही, हे रात्रीच्या आभाळावर ठरतं. बहुतेक जण अंदाजात दुसऱ्या दिवशीचं कमाल तापमान बघतात. मी आधी रात्रीचे ढग बघतो. आभाळ निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर फेकत राहतो आणि हवा शून्याच्या एक-दोन अंश वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. आभाळ भरलेलं असेल तर ढगांची गोधडी पांघरल्यासारखं होतं. हवा शून्याला टेकली तरी पहाटे बर्फ ओलाच सापडतो. ढगाळ रात्रीनंतर चारला उठून बाहेर टाच मारा. टाच आत गेली तर परत झोपा. त्या दिवशी उतारावर जाण्यात अर्थ नाही.

कवच चांगलं धरलं असेल तर पहाटे बुटाखाली कोरडा करकर आवाज येतो आणि सोलचा नुसता ओरखडा उमटतो. ऊन लागून तासभर झाला की सोलची नक्षी स्वच्छ उमटायला लागते, दोन-तीन सेंटीमीटर मऊ, खाली घट्ट. चालायला याहून सुखाचा बर्फ नाही. मग आवाज बदलतो. करकर जाऊन फचफच येते, बूट घोट्यापर्यंत जायला लागतो. माझा नियम असा की सपाटीवर घोटा बुडाला तर वैतागायचं आणि चालत राहायचं, पण तीव्र उतारावर घोटा बुडाला की तो उतार सोडायचा. खिंड अर्ध्या तासावर असली तरी. ‘आता एवढं आलोच आहोत’ हे वाक्य गटात कोणी बोललं की मी मुद्दाम घड्याळ काढतो.

घोट्यानंतर गुडघा, मग मांडी. मांडीपर्यंत खचण्यात नुसता दम जात नाही. एक पाय आत आणि अंगाचा जोर पुढे, यात गुडघा पिरगळतो. कवचाची कड नडगी सोलून काढते. सर्वांत वाईट जागा खडकांच्या आणि झाडांच्या कडेला असतात. काळा खडक ऊन पितो, तापतो आणि भोवतीचा बर्फ खालून खाऊन टाकतो. वरून सपाट दिसतं, आत पोकळी असते. दमलेला माणूस नेमका टेकायला म्हणून त्या खडकाकडेच वळतो. बर्फातून डोकावणाऱ्या दगडापासून दीड-दोन मीटर लांबून जा आणि दगडावर चढायचंच असेल तर शेवटचं पाऊल लांब टाका. पाय अडकलाच तर हिसका देऊ नका. सॅक उतरवा, अंग आडवं टाकून वजन पसरवा, बुटाभोवतीचा बर्फ हाताने किंवा काठीने उकरा. बूट दगडात अडकला असेल तर घाईने पाय मोकळा होतो आणि बूट आत राहतो. मोज्यावर अर्धा किलोमीटर चाललेला गडी मी पाहिलाय, त्यामुळे हसू नका.

आता हिमस्खलनाकडे येऊ. ‘ते हिवाळ्यातलं’ असं तुमच्या मनात असेल तर काढून टाका. वसंतातलं ओलं स्खलन वेगळ्या जातीचं असतं. पाणी दाण्यांमधली पकड सोडवतं आणि उतार आपल्याच वजनाने निघतो, कुणी पाय ठेवायची वाट बघत नाही. बहुतेक स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. तो कोन डोळ्याने ओळखता येत नाही. दमलेल्या डोळ्याला २५ अंशसुद्धा भिंत वाटते आणि सवयीच्या डोळ्याला ३५ काहीच वाटत नाही. फोनमधलं कोन मोजायचं साधन वापरा, काठी बर्फावर उताराच्या दिशेने, वरून खाली टेकवून तिच्यावर फोन ठेवा. ओला बर्फ कोरड्या भुग्याइतका वेगात येत नाही, पण कालवलेल्या सिमेंटसारखा वजनदार असतो आणि थांबला की तसाच घट्ट बसतो. नाळेच्या, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीच्या, तोंडाशी तुमची वाट आडवी जात असेल, तर वर न दिसणाऱ्या उतारावरचा बर्फही तुमच्यापर्यंत पोचू शकतो. तुम्ही स्वतः सपाटीवर आहात, याने काही फरक पडत नाही.

उतार आधी कळवतो. उन्हं लागल्यावर वरून बर्फाच्या छोट्या गोळ्या गडगडत येतात, खाली येईतो चाकासारख्या मोठ्या होतात आणि मागे चरे सोडतात. एखाद-दुसरी आली तर नजर ठेवा, सगळ्या उतारभर यायला लागल्या की निघा. थराला आडवी भेग पडून खालची माती दिसत असेल तर त्या भेगेखाली बसून डबा उघडू नका. तो अख्खा थर जमिनीवरून सरकतोय. कधी सुटेल ते सांगता येत नाही आणि रात्रीच्या गारव्याने तो थांबेल याचाही भरवसा नाही. धोक्याची सूचना जिथे अधिकृतपणे निघते तिथे १ ते ५ अशी श्रेणी असते आणि या दिवसांत पुष्कळदा सकाळची वेगळी, दुपारची वेगळी दिलेली असते. लोक सकाळची वाचून निघतात. परतायचं असतं दुपारी.

ऊन कुठे आधी लागतं ते नकाशावरच बघून ठेवा. पूर्वेकडचा उतार सूर्य उगवताच मऊ व्हायला लागतो, मग दक्षिणेचा, शेवटी पश्चिमेचा. उत्तरेचा सर्वांत उशिरा. दक्षिण गोलार्धात उत्तर-दक्षिण उलटं धरा. एकाच खिंडीच्या अलीकडे साडेनऊला गाळ आणि पलीकडे काच, असं सर्रास असतं.

पावसाबद्दल एक गैरसमज आहे, तो इथेच निपटतो. पाऊस बर्फ वितळवतो असं सगळे म्हणतात. हिशेब करून बघा. ५ अंशाचा १० मिलीमीटर पाऊस एका चौरस मीटरवर साधारण २१० किलोज्यूल उष्णता आणतो, त्यात जेमतेम ६०० ग्रॅम बर्फ वितळतो. हे काहीच नाही. खरा मारा पावसाबरोबरच्या उबदार, दमट वाऱ्याचा असतो. त्यातली वाफ बर्फावर थिजते तेव्हा दर किलो वाफेमागे सात-साडेसात किलो बर्फ वितळेल एवढी उष्णता सोडते. शिवाय पावसाचं पाणी थरात झिरपून पकड ढिली करतं. म्हणून रात्रभर उबदार पाऊस पडला असेल तर दुसऱ्या दिवशी उतारही नको आणि ओढाही नको.

ओढ्यावर जरा जास्त वेळ घेतो. तुमच्या बेतातली सर्वांत धोक्याची जागा मला तीच वाटते आणि तुम्ही तिचा उल्लेख फक्त ‘मध्ये एक ओढा आहे’ असा केलाय.

वितळत्या बर्फावरचा ओढा रोज भरतो, रोज ओसरतो. वर बर्फ वितळतो तो दुपारी. ते पाणी थरातून, दगडांतून, छोट्या ओहोळांतून खाली यायला काही तास घेतं. म्हणून ओढा सर्वांत मोठा दुपार उलटल्यावर ते संध्याकाळपर्यंत कधीतरी असतो आणि सर्वांत लहान पहाटे ते सकाळी. पाणलोट मोठा असेल तर फुगवटा आणखी उशिरा येतो. जाताना तुम्हाला त्याचं सोज्वळ रूप दिसतं.

मी एकदा असाच फसलो. पहाटे साडेपाचला सात दगडांवरून उड्या मारत ओढा ओलांडला. सात हा आकडा आठवतो, कारण मागच्याला मोजून दाखवत होतो. बूटसुद्धा भिजला नाही. परत आलो ते पावणेपाचला. एकही दगड दिसेना. पाणी दुधी-मातकट झालं होतं आणि त्या खळखळाटाखाली दुसराच एक आवाज होता, कुणी तळघरात पिंपं ढकलतंय असा. तळातले धोंडे वाहत्या पाण्यात एकमेकांवर आपटत होते. तो आवाज ऐकू आला की पाणी किती खोल आहे हा प्रश्नच उरत नाही. मी काठाशी पाण्याच्या रेषेवर एक काटकी खोचली. वीस मिनिटांनी ती चार बोटं पाण्यात होती. चढतंय हे कळलं, मग आम्ही काठापासून वर, वारा न लागणाऱ्या एका खडकाआड रात्र काढली. प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी, दोन जाकिटं आणि तिघांत मिळून अर्धी बाटली पाणी, ओढ्याच्या कानठळ्यांत बसून. रात्री दोन-अडीचला आवाज उतरला. सकाळी सहाला त्याच सात दगडांवरून अलीकडे आलो. घरी फटके बसायचे ते बसले, पण मोजून आलो तेवढेच होतो.

काटकी खोचायची ही सवय तेव्हापासून लागली. जाताना खोचा, परत आल्यावर तुलना होते. चढतंय की ओसरतंय हे कळलं की थांबायचं की फिरायचं ते ठरवता येतं.

ओलांडायची वेळ आलीच तर अरुंद जागा शोधू नका. अरुंद तिथे खोल आणि जोरकस. ओढा जिथे पसरून दोन-तीन धारांत वाहतो तिथे जा. उतरण्याआधी खालच्या अंगाला काय आहे ते बघा : धबधबा, अडकलेले ओंडके किंवा पाणी बर्फाखाली शिरतंय, असं काही असेल तर तिथे उतरूच नका, पाणी कितीही उथळ दिसो. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. बूट पायातच ठेवा. कोरडे राहावेत म्हणून अनवाणी उतरणाऱ्याचे तळवे दोन मिनिटांत बधिर होतात आणि मग दगड कळत नाही. तोंड प्रवाहाकडे, काठी वरच्या अंगाला, दोन आधार टेकलेले असतानाच तिसरा हलवायचा. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. वेगातलं पाणी गुडघ्याच्या वर गेलं की मी मागे फिरतो. कमरेला दोर बांधून उतरायची कल्पना सुचेल, ती सोडून द्या. पडलात तर ताणलेला दोर तुम्हाला पाण्याखाली धरून ठेवतो. पाणी शून्याच्या जवळचं असतं. पहिल्या मिनिटात श्वास अडकतो, पुढच्या दहा-एक मिनिटांत हातापायातली ताकद जाते.

ओढ्यावर बर्फाचा पूल दिसला तर लोकांना आनंद होतो. तो खालून वितळत असतो आणि वरून तसाच दिसतो. पहाटे, जाड, कडेला पोकळी न दिसणारा असेल तर एकेकाने, अंतर ठेवून, काठी खुपसत. दुपारी त्यावर मी जात नाही. मधोमध किंचित खोलगट झालेला किंवा करडा पडलेला दिसला तर सकाळीही नाही.

आता काटे. चारला निघा म्हटलं याचा अर्थ कवच कडक असताना चढायचं आणि कडक बर्फावर घसरण्याचा धोका सर्वांत जास्त. हा व्यवहार उघड्या डोळ्यांनी करा. तीस अंशांच्या गोठलेल्या उतारावर पाय सुटला की दोन-तीन सेकंदांत असा वेग येतो की हाताने, काठीने काही थांबत नाही. अंगावरची गुळगुळीत पॅन्ट त्यात भर घालते. मायक्रोस्पाइक सपाटीला, मंद चढाला आणि गोठलेल्या पायवाटेला उत्तम. तुमच्या खिंडीखालचा उतार २५ अंशांच्या पुढे असेल आणि खाली खडक किंवा कडा असेल तर क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लांब, टोकदार काटे) आणि आइस ॲक्स (बर्फात रुतवायची कुऱ्हाड) हवी. आणि ॲक्सने स्वतःला थांबवायचा सराव आधी कुठेतरी सपाट शेवट असलेल्या उतारावर पन्नास वेळा केलेला हवा, पोटावर, पाठीवर, डोकं खाली असताना. सराव नसेल तर ती ॲक्स सॅकला शोभते एवढंच. मऊ बर्फात काट्यांखाली बर्फाचे गोळे बसतात आणि तुम्ही नकळत गोळ्यांवर चालायला लागता. काठीने बुटाच्या कडेला टोला मारत चला किंवा काढूनच टाका.

वाटेची ओळख आहे यावर विसंबू नका. उन्हाळी वाट बहुधा उतार आडवा कापत जाते, कारण तसा चढ कमी लागतो. बर्फात तीच जागा सर्वांत वाईट. पडलात तर खाली लांब घसरण, वरून काही आलं तर तुम्ही मध्ये. फोनच्या नकाशातली वाटेची रेघ मात्र तिथूनच जाते. शक्य असेल तिथे सोंडेवरून चढा, वारा लागला तरी चालेल. कालच्या पावलांमागे जाऊ नका. वितळून ती मोठी होतात, ठळक दिसतात आणि वाटेवरचीच वाटतात. ती कुणाच्या तरी चुकलेल्या वाटेची असू शकतात. शिवाय रात्री गोठली की घोटा मुरगाळायला नेमकी मापाची.

डोळ्यांसाठी बाजूनेही झाकणारा, गडद काचांचा चष्मा प्रत्येकाला हवा, ढग असले तरी. उंचीच्या दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि स्वच्छ बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. डोळे भाजले तर ते लगेच कळत नाही, सहा ते बारा तासांनी कळतं, डोळ्यांत वाळू घातल्यासारखं. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला उन्हापासून वाचवणारं मलम लावा, ऊन खालूनही येतं.

बूट. वॉटरप्रूफ असले तर सकाळ बरी जाते. दुपारी पाणी वरून शिरतंच आणि मग तेच अस्तर पाणी आत धरून ठेवतं. गेटर (बुटाच्या तोंडापासून पोटरीपर्यंतचं आवरण) लावा, लोकरी मोजे घाला आणि एक जोड कोरडे मोजे प्लॅस्टिकमध्ये बांधून सॅकच्या तळाशी ठेवा. ते वाटेत घालायचे नाहीत. रात्र काढावी लागली तरच. सुती कपडा अंगाला लागू देऊ नका, ५ अंशांच्या वाऱ्यात भिजलेला माणूस उणे १० मधल्या कोरड्या माणसापेक्षा लवकर गारठतो. खालच्या चिखलात मधूनच चाला. कडेने गेलं की वाट रुंदावते, कोवळं गवत तुडवलं जातं.

तुमचा बेत उलटा मांडून बघा. उतार पूर्वेचा असेल तर साडेनऊपर्यंत तो सोडून खाली असायला हवं. ओढा अकराच्या आत पार. म्हणजे खिंडीत साडेआठला आणि निघणं चारला, आदल्या रात्री मुक्काम शक्य तितका वर. साडेआठला खिंड आली नाही तर जिथे असाल तिथून वळा. बाराला पायथ्याशी पोचून उरलेला दिवस नुसतं लोळायला मिळतो, हा या मोसमातला चांगला भाग.

खिंडीखालचा उतार कुठल्या दिशेला आहे, नकाशावर किती तीव्र दिसतो आणि ओढा उताराच्या किती खाली आहे, एवढं कळवा. वेळा नेमक्या बसवून देतो. पश्चिमेचा निघाला तर चारऐवजी साडेपाचही चालेल, कारण तो सकाळी इतका कडक असतो की उतरताना थोडा मऊ व्हायची वाट बघावी लागते.